पनवेलचे मुद्दल

सुकापूर हे नाव आज बहुतेकांना घरांच्या जाहिरातींतून ठाऊक होते. नवीन पनवेल ओलांडून नेऱ्याकडे आणि पुढे माथेरानच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव एके काळी भातखाचरांचे होते. आता तेथे उंच इमारती उभ्या आहेत आणि मुंबईच्या दाट वस्तीतून मोकळ्या हवेच्या ओढीने आलेली अनेक व्यापारी कुटुंबे स्थिरावली आहेत. दुकान मशीद बंदरला किंवा कळंबोलीच्या पोलाद बाजारात आणि घर सुकापूरला, अशी त्यांच्या दिवसाची विभागणी असते. पावसाळा सरल्यावर एखाद्या स्वच्छ सकाळी गच्चीवर उभे राहिले की माथेरानचा सपाट माथा, त्याच्या अलीकडे प्रबळगड आणि प्रबळगडाला बिलगलेला कलावंतिणीचा सुळका दिसतो. त्याच डोंगरांतून उतरणारी गाढी नदी या वस्त्यांच्या जवळून वाहत पनवेलच्या खाडीला मिळते.

या कुटुंबांतील नव्या पिढीला पनवेल कशासाठी प्रसिद्ध आहे असे विचारले, तर द्रुतगती मार्ग, नवा विमानतळ आणि जागांचे चढते भाव ही उत्तरे येतात. उत्तरे चुकीची नाहीत. परंतु ज्या गावात आपण घर घेतले, पेढी थाटली आणि मुलांना शाळेत घातले, त्या गावाची जुनी कमाई कोणती आणि त्याच्या जवळ शिल्लक काय आहे, हे व्यवहारी माणसाने जाणून घ्यावयास हवे. पनवेलच्या बाबतीत ही चौकशी विशेष उद्बोधक ठरते. कारण हे गाव एकदा रस्त्यावर मोठे झाले, रस्ता बदलताच मागे पडले आणि आता पुन्हा रस्त्यांच्याच बळावर वाढत आहे.

बंदर आणि घाट

मुंबई बेट असताना पुण्याकडे जाणाऱ्या माणसाला प्रथम पाणी ओलांडावे लागे. होडी भरतीच्या वेळेवर सुटे, ठाण्याच्या खाडीतून वळून पनवेलच्या बंदरात येई आणि तेथून पुढचा प्रवास बैलगाडी, घोडा किंवा पालखीने होई. देशावरचे धान्य, कापूस, गूळ घेऊन गाड्या घाट उतरत आणि परतताना मीठ, सुकी मासळी, नारळ आणि मुंबईहून आलेला विलायती माल घेऊन घाट चढत. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेलच्या पेठेचे दिवस पालटले. त्यापूर्वी घाटात लमाणांचे बैल पाठीवर गोणी घेऊन चालत. आता भरलेली गाडी थेट बंदरापर्यंत येऊ लागली. जेथे गाड्या थांबतात तेथे अडते येतात, तोलारी येतात, सराफ येतात, गोदामे उभी राहतात. उधारी आणि हुंडी यांचा व्यवहार वाढतो. पनवेलचा कारभार पाहण्यासाठी १८५२ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. त्या वेळी मुंबईची पहिली आगगाडीही धावलेली नव्हती.

ती धावली १८५३ मध्ये. पुढच्या वर्षी लोहमार्ग कल्याणला पोहोचला, १८५६ मध्ये खोपोलीला आणि १८६३ मध्ये बोरघाटातील चढणीचे काम पूर्ण होऊन मुंबईची गाडी थेट पुण्याला जाऊ लागली. अवघ्या दहा वर्षांत होडी आणि बैलगाडीची जोडी मोडली. पनवेल या लोहमार्गावर नव्हते. जो माल त्याच्या बंदरात उतरत असे तो कल्याणमार्गे निघून जाऊ लागला. खाडीत गाळ साचत गेला. पेठ बंद पडली नाही. परंतु देशाच्या दळणवळणातील तिचे स्थान ओसरले. वाटसरूच्या खर्चावर चालणाऱ्या उत्पन्नाचा हा स्वभावच आहे. रस्ता जो देतो ते रस्ताच परत नेतो.

चाकाची कारागिरी

तरीही पनवेल तगले, आणि त्याचे एक कारण तेथील सुतार-लोहारांच्या हातात होते. इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरांनी पनवेलच्या उद्योगांत बैलगाडीच्या चाकांना मानाचे स्थान दिले आहे. घाट उतरून आलेले गाडीवान येथून चाकांची नवी जोडी विकत घेत. ज्या गावातून शेकडो गाड्या जातात तेथे चाके मोडतात, आणि जेथे चाके मोडतात तेथे चाके उत्तम बनवणारा माणूस तयार होतो. गिऱ्हाईक दारात आणि जंगल पाठीशी, असा हा धंदा होता.

बैलगाडीचे चाक दिसावयास साधे, करावयास अवघड. मध्यभागी तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर परिघाचे वक्र लाकडी तुकडे आणि या सगळ्याला बाहेरून आवळणारी लोखंडी धाव. तुंब्यासाठी बाभळीसारखे चिवट आणि धक्का सोसणारे लाकूड लागते. ते कच्चे असताना वापरले तर वाळल्यावर सांधे सुटतात. म्हणून लाकूड दीर्घकाळ मुरवून घ्यावे लागते. भांडवल अडकवून थांबण्याची तयारी नसेल त्याने या धंद्यात पडू नये. शेवटचे काम लोहाराचे. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान घडवतात, जाळात लाल होईपर्यंत तापवतात, तापून ती प्रसरण पावली की चिमट्यांनी उचलून चाकावर बसवतात आणि लगेच वरून पाणी ओततात. धुराचा लोट उठतो, लाकूड करकरते, लोखंड आकसते आणि सगळे सांधे एकमेकांत घट्ट रुततात. खिळ्यापेक्षा ही आवळ अधिक टिकाऊ असते. माप सुतासारख्या अंतराने चुकले तर धाव ढिली बसते किंवा आरे पिचतात. हे माप कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. ते बापाकडून मुलाकडे डोळ्यांनी आणि हातांनी जात होते.

आगगाडीने लांबची वाहतूक नेली, पण शेतापासून पेठेपर्यंतची वाहतूक बैलगाडीकडेच राहिली. त्यामुळे रस्ता बदलल्यानंतरही चाकाला मागणी होती. पुढे रबरी टायरची गाडी आली, त्यानंतर ट्रक आणि टेम्पो आले, आणि ही विद्या हळूहळू विसरली गेली. आज पनवेलच्या बाजारात फिरणाऱ्या तरुणाला येथे कधी चाके बनत होती हे सांगूनही खरे वाटत नाही. तळहातावर माप पेलणाऱ्या त्या कारागिरांची नावे कोठे कोरलेली नाहीत.

घाणा, भात, मीठ आणि औषध

चाकाच्या शेजारी घाणा होता. कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्रायल समाजाने पिढ्यान् पिढ्या तेल गाळण्याचा व्यवसाय केला. हे यहुदी धर्माचे लोक मराठी बोलत, गावाच्या नावावरून पेणकर, रोहेकर, पनवेलकर अशी आडनावे लावत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून त्यांना लोक शनिवार तेली म्हणत. आठवड्यातला एक दिवस धर्मासाठी उत्पन्न सोडावयाचे, हा नियम त्यांनी धर्मग्रंथ हाताशी नसतानाच्या काळातही पाळला. व्रतासाठी दुकान बंद ठेवणाऱ्या कोणत्याही घराला या नियमाची किंमत समजावून सांगावी लागणार नाही. पनवेलमध्ये १८४९ मध्ये उभारलेले त्यांचे बेथ एल प्रार्थनामंदिर आजही आहे. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. मागे राहिलेल्यांनी ती वास्तू सांभाळली.

घाण्याचे काम चाकासारखेच संयमाचे. लाकडी घाण्यात तीळ किंवा शेंगदाणे संथपणे भरडले जातात, तेल फारसे तापत नाही आणि त्याचा मूळ गंध टिकतो. यंत्राच्या मानाने उतारा कमी पडतो, वेळ अधिक लागतो. म्हणून दर जास्त असतो. पनवेलहून गोव्याच्या महामार्गावर कर्नाळ्याच्या पुढे तारा या गावी युसूफ मेहरअली सेंटर ही १९६१ मध्ये स्थापन झालेली संस्था ग्रामीण भागात काम करीत आहे. तेथे तेलघाणी, साबण, मातीकाम असे लहान उद्योग चालवले गेले. ज्यांच्या नावाने ही संस्था आहे ते युसूफ मेहरअली १९४२ मध्ये मुंबईचे महापौर होते आणि ‘भारत छोडो’ ही घोषणा त्यांनी सुचवली असे मानले जाते. तालुक्यातला घाणा पूर्णपणे थांबला नाही, याचे काही श्रेय अशा प्रयत्नांना जाते.

पनवेलची तिसरी मिळकत भाताची. खाडीकाठच्या खारपट्टीत बांध घालून, समुद्राचे पाणी अडवून आगरी शेतकऱ्यांनी भाताची जमीन निर्माण केली आणि जेथे भात पिकत नव्हते तेथे मिठागरे केली. आगर या शब्दावरूनच त्यांना आगरी हे नाव मिळाले. पनवेलच्या तांदळाच्या गिरण्या आणि भाताचा घाऊक बाजार यांची ख्याती मोठी होती. मिठागरात पाणी एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सोडत, उन्हात आटवत, योग्य वेळी फळीने मीठ ओढावे लागते. अवकाळी एक सर आली की आठवड्यांचे श्रम विरघळतात. या पट्टीतील मीठ आणि तांदूळ यांच्या व्यापारात गुजराती, मारवाडी आणि कच्छी पेढ्यांनी भांडवल घातले. श्रम आगऱ्यांचे आणि पत व्यापाऱ्याची अशी ती सांगड होती. त्या सांगडीत सर्वच व्यवहार न्यायाचे झाले असे कोणी म्हणणार नाही. परंतु दोघांपैकी एकावाचून दुसऱ्याचे चालत नव्हते, हेही तितकेच खरे.

चौथी मिळकत वनस्पतींची. १८७२ मध्ये पनवेलमध्ये श्री धूतपापेश्वर या आयुर्वेदीय औषधांच्या कारखान्याची स्थापना झाली. पुराणिक घराण्याच्या वैद्यकीने सुरू झालेला हा उद्योग दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. आगगाडीने पनवेलला वळसा घातल्यानंतर अवघ्या नऊ वर्षांत हा उद्योग उभा राहिला, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. रस्त्यावरचे उत्पन्न गेल्यावर ज्ञानावरचे उत्पन्न टिकू शकते याचा हा दाखला. पाठीशी सह्याद्रीची वने असलेल्या गावात असा कारखाना निघावा हेही स्वाभाविक वाटते.

जगाच्या दुसऱ्या टोकाला याच्याशी जुळणारे एक उदाहरण सापडते. सर्बिया देशात पिरोट नावाचे लहान शहर आहे. बेलग्रेडकडून कॉन्स्टँटिनोपलला जाणाऱ्या प्राचीन राजमार्गावर ते वसले. तेथील स्त्रिया पाठीमागच्या स्टारा प्लानिना या पर्वतावर चरणाऱ्या मेंढ्यांच्या लोकरीपासून ज्या सतरंज्या विणतात त्या युरोपभर ओळखल्या जातात. राजमार्गाचे वैभव गेले, सतरंजी राहिली. कारण तिच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि विणकरांनी संघटना बांधली. आपल्याच रायगड जिल्ह्यात अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पनवेलच्या चाकाला नाव होते, पण त्या नावाचे रक्षण करणारे कोणी नव्हते. बाजारातील नावलौकिक हाही मालमत्तेचाच भाग असतो, आणि तो नोंदवला नाही तर मालकाबरोबरच संपतो.

डोंगर आणि पाणी

पनवेलच्या दक्षिणेला सुमारे बारा किलोमीटरवर कर्नाळा किल्ला आहे. अंगठ्यासारखा उभा राहिलेला त्याचा काळा सुळका मुंबई–गोवा महामार्गावरून दूरवरून दिसतो. बोरघाटातून बंदराकडे येणाऱ्या वाटेवर नजर ठेवण्यासाठी याहून योग्य जागा नाही. शिवाजी महाराजांनी तो १६५७ मध्ये घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. १८१८ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला. या किल्ल्याशी जोडलेले फडके घराणे जवळच्या शिरढोणचे. त्याच घरात ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करणाऱ्या या माणसाने १८७९ मध्ये इंग्रज सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात देह ठेवला. जमाखर्चाच्या टेबलावर बसून देशाचा तोटा ज्याला स्पष्ट दिसला, असा हा शिरढोणचा सुपुत्र.

किल्ल्याभोवतीचे अरण्य १९६८ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. आरंभी त्याचे क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरच्या आत होते. २००३ मध्ये ते वाढून सुमारे बारा चौरस किलोमीटर झाले. एवढ्याशा जागेत दोनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. पहाटे माणसासारखी शीळ घालणारा शीळकरी कस्तुर, लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक आणि पहिल्या पावसाबरोबर येणारा तिबोटी खंड्या हे तेथले मानाचे पाहुणे. तिबोटी खंड्या चिमणीहूनही लहान असतो. निळा, नारिंगी आणि जांभळा असे रंग त्याच्या अंगावर एकत्र नांदतात. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बोगदा खणून तो घरटे करतो आणि पावसाळा संपता संपता पिल्ले घेऊन निघून जातो. दरड कोसळली किंवा कोणी ती फावड्याने साफ केली की त्या वर्षीचा त्याचा वंश बुडतो. अभयारण्याच्या पोटातूनच महामार्ग गेला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या पाहुण्याचे येणे किती नाजूक धाग्यावर टिकून आहे याची कल्पना येते.

सुकापूरच्या बाजूचा डोंगर वेगळ्या स्वभावाचा. प्रबळगडाचा माथा सुमारे २,३०० फूट उंच आहे. त्याच्या माचीवर आणि पायथ्याच्या वाड्यांवर ठाकर आणि कातकरी समाजाची वस्ती आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी हे नाव पडले. खैराचे तुकडे पाण्यात उकळून, तो काढा आटवून कात तयार होतो. इंग्रजांच्या वनकायद्यांनी खैर त्यांच्या हातून काढून घेतला आणि एक कुशल कारागीर समाज मजुरीवर आला. त्याच वनकायद्यांविरुद्ध २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात सत्याग्रही हुतात्मे झाले. आज प्रबळमाचीवरील ठाकर कुटुंबे गिर्यारोहकांना वाट दाखवतात आणि भाकरी-पिठल्याचे जेवण देतात. त्यांच्या हातचे जेवून दोन पैसे देणारा प्रवासी हा त्या डोंगराचा खरा ग्राहक होय. प्लास्टिकच्या बाटल्या टाकून जाणारा नव्हे.

या डोंगरांचे पाणी म्हणजे गाढी नदी. पनवेल नगरपालिकेने तिच्यावर देहरंग येथे स्वतःचे धरण बांधले. स्वतःच्या मालकीचे धरण असणाऱ्या नगरपालिका राज्यात थोड्याच. त्या धरणात आता गाळ साचला आहे. पावसाळ्यात ते भरून वाहते आणि उन्हाळ्यात तळ दाखवते. शहराला इतर यंत्रणांकडून पाणी घ्यावे लागते. धरणाच्या अगोदर पनवेलची तहान तलाव आणि विहिरी भागवत. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे, लेंडाळे ही तलावांची नावे जुन्या पनवेलकराला पाठ असत. तलाव उन्हाळ्यात विहिरींना पाझर देई आणि पावसाळ्यात पुराचे पाणी पोटात घेई. दोन्ही कामांचे बिल तो कोणाला पाठवत नसे, म्हणून त्याची किंमत शून्य धरली गेली.

नवा रस्ता, जुना प्रश्न

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि पनवेल तालुक्यातील गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घेण्यात आल्या. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात झालेल्या शेतकरी आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. १९८९ मध्ये न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले, १९९८ मध्ये हार्बर मार्गाची लोकल पनवेलला पोहोचली, २००२ मध्ये मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. १ ऑक्टोबर २०१६ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून येणारा अटल सेतू खुला झाला आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. मुंबईहून पनवेलला यावयास ज्या खाडीतून होडी येत असे, त्याच समुद्रावरून आता मोटार येते. दीडशे वर्षांपूर्वी हातून गेलेला रस्ता गावाला व्याजासह परत मिळाला आहे.

हिशेबाची दुसरी बाजूही मांडावयास हवी. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि दहा गावांना आपली घरे सोडावी लागली. इमारतींना लागणारी खडी याच परिसरातील डोंगर फोडून येते. भातखाचरे आणि खाजण जमिनी भरावाखाली गेल्या. २६ जुलै २००५ रोजी अतिवृष्टी आणि भरती एकत्र आली तेव्हा गाढीचे पाणी पनवेलच्या घराघरांत आणि दुकानांत शिरले. धान्याची पोती, कापडाचे तागे आणि वह्या एका रात्रीत चिखल झाल्या. नदीने आपली जुनी जागा मागितली एवढेच त्या रात्री घडले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळ्या रंगाचे भटके कुत्रे दिसू लागले आणि त्यांची छायाचित्रे जगभर गेली. कारखान्यातून सुटलेला रंग त्या मुक्या जिवांच्या अंगावर चढला होता. कासाडी नदीतील मासे आणि किनाऱ्यावरचे कोळी हे दुःख त्याआधी कितीतरी वर्षे सोसत होते. त्यांचा रंग बदलला नाही म्हणून ते कोणाच्या नजरेस आले नाही.

व्यापारात मुद्दल आणि व्याज यांतला भेद लहानपणीच शिकवला जातो. व्याजावर घर चालवावे, मुद्दलाला हात लावू नये. पनवेलचे मुद्दल म्हणजे प्रबळ आणि कर्नाळ्याचे डोंगर, गाढीचे पाणी, तलावांची पोकळी आणि येथल्या माणसांच्या हातातील कसब. रस्ता, बंदर, स्थानक आणि विमानतळ यांच्यामुळे येणारी कमाई हे व्याज. ते कमी-जास्त होणार. १८६३ मध्ये ते कसे आटले हे गावाने पाहिले आहे. मुद्दल शाबूत होते म्हणून गाव त्या फटक्यातून उभे राहिले. आज व्याज भरपूर येत असताना मुद्दल खर्ची पडत आहे, आणि कोणत्याही ताळेबंदात त्याचा घसारा दाखवला जात नाही.

घराघरांतून होण्याजोगे

एवढे मोठे दुखणे एका कुटुंबाच्या हाती नाही, हे मान्य. परंतु व्यापारी घराच्या हाती काही गोष्टी निश्चित आहेत. जमीन किंवा सदनिका घेताना भाव आणि क्षेत्रफळ विचारतो त्याच वेळी पूररेषा कोठे आहे आणि नाला कोठे वळवला आहे हे विचारता येते. दहा ग्राहकांनी विचारले तर विकासकाला उत्तर तयार ठेवावे लागते. सुकापूरच्या संकुलांतून छपराचे पाणी गटारात जाण्याऐवजी कूपनलिकेत मुरवता येते; त्याचा खर्च टँकरच्या बिलांच्या तुलनेत लवकर भरून निघतो. महिन्याचे तेल घाण्याचे घ्यावयाचे ठरवले तर घाणेकऱ्याच्या मुलाला तो धंदा सोडावासा वाटणार नाही. सुट्टीत मुलांना एकदा तरी कर्नाळ्याच्या रानात शांतपणे चालवावे, वडाळे तलावाच्या काठी बसवावे आणि बेथ एलची वास्तू रस्त्यावरून का होईना दाखवावी.

आणि एक काम असे आहे की ते केवळ याच घरांना करता येईल. पनवेलच्या पेठेचा इतिहास सरकारी कागदांत जेवढा आहे त्याहून अधिक तो जुन्या पेढ्यांच्या वह्यांत आहे. मीठ कोणत्या भावाने गेले, भाताची उचल कोणाची होती, गाडीभाडे काय पडले, चाकाच्या जोडीला किती रुपये मोजले, दुष्काळात कोणाची उधारी सोडून दिली, या सगळ्या नोंदी गुजराती, मारवाडी किंवा मोडी लिपीत लाल बासनांत बांधून ठेवलेल्या असत. त्यांपैकी कित्येक वह्या पुरात गेल्या, काही वाळवीने खाल्ल्या, काही घर बदलताना रद्दीत निघाल्या. ज्या उरल्या आहेत त्या वाचणारी माणसे आज वृद्ध झाली आहेत. त्यांच्याकडून दोन पाने तरी वाचून घ्यावीत, वह्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि घरात जागा नसेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे त्या सुपूर्द करण्याचा विचार करावा. चाक घडवणाऱ्या कारागिराचे नाव कोठे सापडायचे असेल तर ते अशाच एखाद्या वहीत, त्याच्या नावे पडलेल्या रकमेसमोर सापडेल.

दिवाळीत वहीपूजनाच्या निमित्ताने नव्या वहीवर स्वस्तिक काढले जाते. त्या दिवशी जुने बासनही खाली उतरवावे आणि आजोबांच्या हातची एखादी नोंद नातवाला वाचून दाखवावी.